निकाली निघालेला खड्डा: नगरपरिषदेचं कामकाज आकड्यांवरून सुधारायचं कसं

सरकारी मराठीत 'निकाली काढणे' असा एक वाक्प्रयोग आहे. नागरिकानं खड्ड्याची तक्रार दिली, ती बांधकाम विभागाकडे गेली, विभागानं 'कार्यवाही प्रस्तावित आहे' असं कळवलं, की तक्रार निकाली निघते. खड्डा जिथल्या तिथं असतो. महिनाअखेरीस तक्त्यात लिहिलं जातं: प्राप्त ११८, निकाली ११४, प्रलंबित ४. यात कुणी खोटं लिहिलेलं नसतं. कागद मोजायला सांगितलं होतं, कागद मोजले गेले.

कामगिरी व्यवस्थापन म्हटलं की आपल्याकडे लोकांना गोपनीय अहवाल आठवतो. त्याचा इथं काही संबंध नाही. इथं म्हणायचंय ते एवढंच: गावाला काय मिळालं ते मोजायचं, ठरलेल्या दिवशी त्यावर बसायचं, का घडलं हे विचारायचं, काहीतरी बदलायचं आणि पुढच्या वेळी त्या बदलाचं काय झालं हे पुन्हा विचारायचं. यातली शेवटची पायरी सगळ्यात जास्त गळते. आकडा मागणारे खूप असतात. तोच प्रश्न पुढच्या सोमवारी पुन्हा विचारणारा क्वचित भेटतो.

उदाहरणासाठी चाळीस हजार वस्तीची एक नगरपरिषद डोळ्यासमोर ठेवू. एक मुख्याधिकारी, एक पाणीपुरवठा अभियंता, एक स्वच्छता निरीक्षक, कर विभागात चार-पाच माणसं, आणि निम्मी पदं रिक्त. सल्लागार कंपनी नाही, डॅशबोर्ड नाही. पद्धत इथं चालली तर महापालिकेत आणि जिल्हा परिषदेतही चालेल. उलटं मात्र होईलच असं नाही.

महाराष्ट्राला कामाची मोजदाद नवी नाही. १९८०च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी असलेल्या अनिलकुमार लखिना यांच्या नावानं कार्यालयीन शिस्तीचा 'लखिना पॅटर्न' राज्यभर ओळखला गेला. पुढे चंद्रकांत दळवी यांनी पुणे विभागीय आयुक्त असताना 'झिरो पेंडन्सी'चा, म्हणजे एकही प्रकरण पडून राहू न देण्याचा, आग्रह धरला आणि सहा गठ्ठे पद्धतीनं अनेक कार्यालयांतली कपाटं मोकळी केली. प्रलंबित प्रकरणं वेगळी, प्रतीक्षाधीन वेगळी, नियतकालिकं वेगळी, नष्ट करायचं दप्तर वेगळं, अशी ही कागदांची वर्गवारी. ज्या टेबलावर अजून गठ्ठ्यांची रास आहे तिथं सुरुवात यानंच करा, त्याला पर्याय नाही. पण हे सगळं कार्यालयाच्या दाराच्या आतलं झालं. या लेखाचा विषय दाराबाहेरचा आहे.

पहिली पायरी: चार प्रश्न, चाळीस निर्देशांक नव्हे

केंद्र सरकारच्या नगरविकास मंत्रालयानं २००८ साली शहरी सेवांसाठी मानकं ठरवली. पाणी, मलनिस्सारण, घनकचरा आणि पावसाळी गटारं मिळून एकूण २८ निर्देशांक. माणशी रोज १३५ लिटर पाणी, हिशोबात न येणारं पाणी २० टक्क्यांच्या आत, पाण्याच्या बिलांची ९० टक्के वसुली, २४ तास पुरवठा. तेराव्या वित्त आयोगाच्या काळात, म्हणजे २०१० ते २०१५ दरम्यान, कामगिरी अनुदान मिळवण्यासाठी या सेवांची उद्दिष्टं राजपत्रात प्रसिद्ध करायची अट होती. ती पाळली गेली. मात्र आपल्या गावाचं उद्दिष्ट राजपत्रात काय छापलंय हे झोनचं पाणी सोडणाऱ्या व्हॉल्व्हमनला सोडाच, अभियंत्यालाही कितपत ठाऊक असायचं याबद्दल मला शंका आहे.

मानकं चांगली आहेत, ती कपाटात राहू द्या. सुरुवातीला चारच प्रश्न घ्या, आणि ते लोकांच्या तोंडचे असू द्या. पाणी ठरल्या वेळी आलं का? घंटागाडी दारात आली का? दाखला किती दिवसांत हातात पडला? आणि चौथा, जो लोक विचारत नाहीत पण बाकीचे तीन ज्याच्यावर उभे आहेत तो: घरपट्टी-पाणीपट्टी किती जमा झाली? वर्षभर एवढेच प्रश्न नेटानं धरले तरी पुष्कळ होतं. दिवाबत्ती, मोकाट कुत्री, उद्यान हे सगळं महत्त्वाचं आहे, पण पहिल्या वर्षी ते नेहमीच्या पद्धतीनं चालू द्या.

दुसरी पायरी: आकड्याची कुंडली लिहा

या पायरीवर लोक घाई करतात आणि पुढं वर्षभर भांडतात. प्रत्येक आकड्यासाठी एक पान लिहायचं: वर काय मोजायचं, खाली कशानं भागायचं, नोंद कुठल्या वहीतली, ती कोण लिहितं, किती वाजता लिहितं, आणि या आकड्यात काय येत नाही.

वसुलीचंच घ्या. समजा चालू वर्षाची मागणी ३ कोटी आहे आणि मागची थकबाकी २ कोटी. वर्षभरात २ कोटी ७० लाख जमा झाले. त्यातले १ कोटी ८० लाख चालू मागणीपोटी, ९० लाख जुन्या थकबाकीपोटी. आता वसुली किती टक्के? सगळी जमा चालू मागणीनं भागली तर ९० टक्के. एकूण मागणीनं भागली तर ५४ टक्के. चालू जमा चालू मागणीनं भागली तर ६० टक्के. तिन्ही आकडे खरे आहेत. आढावा बैठकीत कुठला सांगितला जाईल हे सांगायला नको. केंद्राच्या त्या मानकांमध्ये चालू बिलांची चालू वसुलीच धरायची, थकबाकी त्यात मिसळायची नाही, असं स्पष्ट म्हटलंय आणि ते बरोबर आहे. चालू वसुली तुमच्या यंत्रणेची तब्येत सांगते. थकबाकीचा हिशोब वेगळ्या पानावर ठेवा, आणि त्यातही न्यायालयात अडकलेली, मयत खातेदाराची, दुबार आकारणीची आणि निव्वळ न भरलेली असे भाग पाडा. महिना दोन टक्के शास्ती, म्हणजे दंड, लागून थकबाकी फुगत जाते. वर्षानुवर्षं दुबार आकारणीवर शास्ती चढवत बसलो तर मागणीचा आकडाच खोटा होतो आणि बिचारा कर निरीक्षक कधीच पास होत नाही.

पाण्याची गंमत आणखी वेगळी. माणशी लिटर काढताना शुद्धीकरण केंद्रातून सोडलेलं पाणी लोकसंख्येनं भागतात. चाळीस हजार वस्तीला १३५ लिटरप्रमाणे ५४ लाख लिटर लागतात. केंद्रातून रोज ५६ लाख सुटत असेल तर कागदावर माणशी १४० लिटर, म्हणजे मानकापेक्षाही जास्त. वाटेत ३० टक्के गळालं तर घरात पोचलं ३९ लाख २० हजार, माणशी ९८. ही झाली सरासरी. चढावरच्या शेवटच्या गल्लीत त्यातलं किती गेलं हे सरासरी कधीच सांगत नाही. म्हणून सुरुवातीला लिटरच्या मागं लागूच नका. दोनच गोष्टी मोजा. पाणी सोडण्याच्या दोन पाळ्यांमध्ये किती तास गेले, आणि प्रत्येक झोनमधल्या शेवटच्या घरी पाणी पोचलं का. हे मोजायला मीटर लागत नाही. व्हॉल्व्हमनची वही आणि शेवटच्या घरातल्या ताईंचा फोन नंबर पुरतो.

दाखल्यांचंही तसंच. राज्यात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. मुदत ठरलेली आहे, पदनिर्देशित अधिकारी ठरलेला आहे, दोन अपिलं आहेत, त्यानंतर आयोग आहे, आणि विनाकारण उशीर केला तर ५०० ते ५,००० रुपये दंड आहे. त्यामुळे 'मुदतीत दिलेले दाखले' हा आकडा बहुतेक ठिकाणी छान दिसतो. पण मुदत सुरू होते अर्ज स्वीकारल्यापासून. 'आधार जोडलं नाही, उद्या या' म्हणून खिडकीवरूनच परत पाठवलेला माणूस कुठल्याच नोंदीत नसतो. तेव्हा त्या आकड्याच्या पानावर आणखी दोन ओळी हव्यात: त्रुटी काढून परत केलेले अर्ज किती, आणि दाखल्यासाठी माणसाला सरासरी किती खेपा पडल्या. दुसरा प्रश्न दाखला हातात देताना तोंडी विचारता येतो. त्याला सॉफ्टवेअर लागत नाही.

तिसरी पायरी: आज कुठं आहोत ते खरं लिहा

पहिले पंधरा दिवस काहीही सुधारू नका, फक्त नोंदवा. हे अधिकाऱ्यांना जड जातं, कारण रुजू झाल्याबरोबर काहीतरी करून दाखवायचं असतं.

केंद्राच्या मानकांमधली एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. प्रत्येक आकड्याशेजारी तो किती भरवशाचा आहे याची श्रेणीही लिहायची, 'ए'पासून 'डी'पर्यंत. मोजमाप करून काढलेला आकडा वर, अंदाजानं लिहिलेला खाली. आपल्या तक्त्यात हा रकाना जरूर ठेवा. 'गळती ३० टक्के, श्रेणी डी' असं लिहिण्यात कमीपणा नाही. 'गळती २७.४३ टक्के' असं लिहिलंय आणि गावात मुख्य जलवाहिनीवरचा एकही बल्क मीटर चालू नाही, हे लाजिरवाणं आहे. दशांशानंतरचे आकडे पाहून खूश होणाऱ्या वरिष्ठांपासून सावध राहा.

नोंदी नीट व्हायला लागल्या की आकडे आधी बिघडतात, ही खूणगाठ बांधून ठेवा. अंगणवाडीत सगळ्या मुलांची वजनं खरोखर घेतली जायला लागली की तीव्र कुपोषित मुलांची संख्या पहिल्या महिन्यांत वाढलेली दिसते. मुलं अचानक खंगलेली नसतात, ती आधी कुणी मोजलेलीच नसतात. तसंच तक्रारींचं. फोन उचलला जातो हे कळलं की तक्रारी वाढतात. अशा वेळी वरून नोटीस आली तर यंत्रणा कायमचा धडा घेते: पुन्हा खरं लिहायचं नाही. म्हणून मुख्याधिकाऱ्यानं पहिल्याच महिन्यात जिल्हा सहआयुक्तांना आणि नगराध्यक्षांना सांगून ठेवावं की दोन-तीन महिने आकडे खराब दिसतील, आणि ते आम्ही मुद्दाम दाखवणार आहोत.

वही कुणी लिहायची? ज्याच्या हातात व्हॉल्व्हची चावी आहे त्यानं. झोन, व्हॉल्व्ह उघडल्याची वेळ, बंद केल्याची वेळ, पाळी चुकली असेल तर कारण. कारणांसाठी आकडे ठरवून द्या: १ वीज नव्हती, २ मोटार बिघडली, ३ लाइन फुटली, ४ टाकी भरली नाही, ५ माणूस नव्हता. पानाचा फोटो रोज संध्याकाळी ग्रुपवर. नव्या ॲपची घाई नको. वर्षभर वही चालली की ॲपमध्ये काय हवं ते आपोआप कळतं.

चौथी पायरी: उद्दिष्ट

यावर फार लिहायची गरज नाही, तरी दोन गोष्टी. एक, उद्दिष्ट स्वतःच्या मागच्या महिन्याशी तुलना करून ठरवा. केंद्राच्या आकांक्षित जिल्हा कार्यक्रमात, जो २०१८ साली सुरू झाला आणि ज्यात आपले नंदुरबार, वाशीम, गडचिरोली आणि धाराशिव हे जिल्हे आले, क्रमवारी लावताना सुधारणा किती झाली हे पाहिलं गेलं. गडचिरोलीची पुण्याशी तुलना करून कुणाचंच भलं होत नाही. गावठाणातला प्रभाग आणि नवीन लेआउटमधला प्रभाग यांचंही तेच. दोन, वसुलीचं वार्षिक उद्दिष्ट बारानं भागू नका. जुलैत पेरणी असते, लोकांच्या हातात पैसा नसतो, आणि आपली निम्मी माणसं पावसाळ्याच्या कामात असतात. मागच्या तीन वर्षांची महिनावार जमा पाहा, त्या आकारात उद्दिष्ट बसवा, आणि मग फेब्रुवारी-मार्चची गर्दी थोडी ऑक्टोबर-नोव्हेंबरकडे कशी सरकवता येईल हे पाहा. बिलं वेळेवर वाटली गेली तर निम्मं काम तिथंच होतं. मार्चएंडला बँड वाजवत थकबाकीदाराच्या दारी जाण्यापेक्षा एप्रिलमध्ये बिल पोचवणं स्वस्त पडतं.

जबाबदारी नावानिशी द्या, पण ज्याच्या हातात जे आहे तेवढीच. महावितरणनं वीज घालवली म्हणून पंपचालकाला नोटीस देऊ नका. वीज गेल्याची नोंद त्यानं केली नाही म्हणून विचारा. त्या नोंदींच्या जोरावरच तुम्हाला महावितरणकडे एक्स्प्रेस फीडर, म्हणजे पंपासाठी स्वतंत्र वीजवाहिनी, मागता येईल.

पाचवी पायरी: सोमवारचा आढावा

सगळी पद्धत उभी राहते ती या बैठकीवर, म्हणून इथं जरा थांबू.

अमेरिकेत बाल्टिमोर शहराचे महापौर मार्टिन ओ'मॅली यांनी २००० साली 'सिटीस्टॅट' नावाची पद्धत सुरू केली. कल्पना न्यूयॉर्क पोलिसांच्या 'कॉम्पस्टॅट'वरून घेतलेली. १९९४ साली तिथं जॅक मेपल या पोलीस अधिकाऱ्यानं गुन्ह्यांचे आकडे नकाशावर मांडून ठाणेदारांना समोर उभं करायला सुरुवात केली होती. बाल्टिमोरमध्ये विभागप्रमुख दर दोन आठवड्यांनी महापौरांच्या चमूसमोर यायचे आणि ओव्हरटाइम, गैरहजेरी, बुजवायचे राहिलेले खड्डे यांवर प्रश्न व्हायचे. खड्डा कळवल्यापासून ४८ तासांत बुजवण्याची हमी त्यातूनच आली. या पद्धतीला २००४ साली हार्वर्डचा नावीन्याचा पुरस्कार मिळाला आणि अनेक शहरांनी तिची नक्कल केली. नक्कल करणाऱ्यांनी बहुतेकदा मोठा पडदा, नकाशे आणि पोडियम उचललं. खरं काम पडद्यामागं होतं. दोन-तीन विश्लेषक आधीचे दोन आठवडे आकडे वाचायचे, जागेवर जाऊन फोटो काढायचे आणि नेमके प्रश्न लिहून द्यायचे.

आपल्याकडे विश्लेषक कुठून आणायचे? एखादी चुणचुणीत लिपिक किंवा कनिष्ठ अभियंता निवडा, आणि तिला शुक्रवारची दुपार आणि शनिवारची सकाळ मोकळी द्या. तिचं काम तीन ओळींचं: या आठवड्याच्या वह्या वाचणं, खटकलेल्या दोन जागी प्रत्यक्ष जाऊन येणं, आणि एका पानावर पाच प्रश्न लिहून मुख्याधिकाऱ्यांना देणं. तिला बैठकीत कुणी दमात घेणार नाही याची काळजी मात्र मुख्याधिकाऱ्यांनी घ्यायची.

बैठक पंचेचाळीस मिनिटं. प्रत्येक सोमवारी चारपैकी एकच विषय: पहिल्या सोमवारी पाणी, दुसऱ्या सोमवारी कचरा, तिसऱ्या सोमवारी दाखले आणि तक्रारी, चौथ्या सोमवारी वसुली. सगळे विषय एकाच बैठकीत घेतले की प्रत्येकाला दहा मिनिटं मिळतात आणि 'प्रगतीपथावर आहे' एवढ्यावर भागतं. पाण्याच्या दिवशी व्हॉल्व्हमनना बोलवाच. ते पहिल्या दोन बैठकांत एक शब्द बोलणार नाहीत. तिसऱ्या बैठकीत बोलतील, आणि मग लक्षात येईल की गावाचा खरा नकाशा त्यांच्याच डोक्यात आहे.

सुरुवात नेहमी मागच्या वेळच्या निर्णयांपासून. मगच नवे आकडे. मुख्याधिकारी विचारतात, अभियंता आणि व्हॉल्व्हमन मामा उत्तरं देतात. प्रश्न साधारण असे पुढं जातात:

'चौथ्या झोनची पाळी आठवड्यात दोनदा चुकली. कशामुळं?'

'साहेब, लाइट नव्हती.'

'दोन्ही वेळा?'

'बुधवारी लाइट. शनिवारी लाइट होती, पण टाकी अर्धीच भरली होती.'

'टाकी का नाही भरली? मामा, तुम्ही सांगा.'

'वरच्या झोनचा व्हॉल्व्ह रात्री उशिरा बंद झाला, साहेब. तिथला माणूस रजेवर होता. मी इकडचं उरकून तिकडं जाईपर्यंत बारा वाजले.'

म्हणजे वहीत कारण क्रमांक चार लिहिलं होतं, खरं कारण पाच निघालं. आणि उपाय निघाला बदली माणसाची यादी. त्याला निविदा लागत नाही, तांत्रिक मान्यता लागत नाही. असले फुकटचे उपाय पहिल्या सहा महिन्यांत ढिगानं सापडतात. 'नवीन टाकी बांधायला हवी' हे उत्तर तिसऱ्या 'का'नंतरही टिकलं, तरच टाकीचा प्रस्ताव करा.

इतिवृत्त एका पानाचं, तीन रकान्यांचं: काय करायचं, कोण करणार, कोणत्या तारखेला. 'सविस्तर चर्चा करण्यात आली', 'आवश्यक त्या सूचना देण्यात आल्या', 'गांभीर्यानं दखल घ्यावी' या तीन वाक्यांना बंदी घाला. बैठक संपताना इतिवृत्त तिथंच वाचून, सह्या करून टाका. पंधरा दिवसांनी कार्यवृत्त कायम करत बसलात तर ती सर्वसाधारण सभा झाली.

आवाजाबद्दल एक सूचना. मेपलची न्यूयॉर्कमधली बैठक अंगावर येणारी असायची, आणि आपल्याकडेही 'फैलावर घेतलं' ही अधिकाऱ्याची कर्तबगारी समजली जाते. पण दोनदा फैलावर घेतलेला माणूस तिसऱ्या वेळी आकडाच बदलून आणतो. खराब आकडा प्रामाणिकपणे आणणाऱ्याचे आभार माना, लपवणाऱ्याला धरा. हा फरक बैठकीत सगळ्यांसमोर दिसला पाहिजे.

आकडे नासतात, ते कसे ओळखायचे

ज्या आकड्यावर बक्षीस किंवा शिक्षा टांगली जाते तो हळूहळू नासायला लागतो. न्यूयॉर्कमध्येही पुढं गुन्हे कमी दिसावेत म्हणून ते किरकोळ कलमांखाली नोंदवल्याचे आरोप झाले. आपल्याकडे त्याचे देशी अवतार आहेत. सर्वेक्षणाचं पथक येणार म्हटल्यावर मुख्य रस्ता धुऊन निघतो. घंटागाडीच्या जीपीएसचा आलेख फेरी पूर्ण दाखवतो, कारण गाडी खरोखर फिरलेली असते. फक्त ती थांबलेली नसते. घंटा ऐकून बाई बादली घेऊन खाली येईपर्यंत गाडी कोपऱ्यावर पोचते. म्हणून कचऱ्याच्या आकड्यात फेरीबरोबर 'थांबून उचललं' याची तपासणी हवी. मुकादमानं रोज वेगळ्या गल्लीत दहा घरी विचारायचं, एवढं पुरे.

तक्रारींसाठी नियम साधा ठेवा: तक्रारदारानं 'झालं' म्हटल्याशिवाय तक्रार बंद करायची नाही. जी खरंच होण्यासारखी नाही ती 'होणार नाही, कारण अमुक' असं लिहून वेगळ्या रकान्यात टाका. लोक नकार पचवतात, टोलवाटोलवी पचवत नाहीत. दर आठवड्याला बंद झालेल्या तक्रारींतल्या दहा चिठ्ठ्या टाकून निवडायच्या आणि मुख्याधिकाऱ्यांनी स्वतः फोन करायचा. दहातल्या तिघांनी 'कुणी आलंच नाही' म्हटलं, तर सत्तर टक्के हा तुमचा खरा आकडा. मी पाहिलेल्या एका गावात पहिल्या आठवड्यात हे फोन सुरू झाले आणि दुसऱ्या आठवड्यात 'निकाली'ची संख्या निम्म्यावर आली. काम तेवढंच होत होतं.

पैसा, नगरसेवक आणि वरचे

आढाव्यातून कळलेलं अंदाजपत्रकात उतरलं नाही तर जानेवारीनंतर कुणी बैठकीला मनापासून येणार नाही. वर्षभराच्या वह्यांतून लाइन फुटण्याच्या जागा नकाशावर मांडा. बहुतेकदा मोजक्याच तुकड्यांवर निम्म्याहून जास्त फुटी दिसतील. वित्त आयोगाच्या बंधित, म्हणजे ठरावीक कामांवरच खर्च करायच्या, निधीतून आधी ते तुकडे बदला, नव्या लेआउटची लाइन नंतर. सभेत यावर वाद होईल, कारण नव्या लाइनचं भूमिपूजन होतं, जुन्या तुकड्याचं होत नाही. पण हातात नकाशा असला तर वाद निदान नकाशावर होतो.

नगरसेवकांना या सगळ्यापासून लांब ठेवायचा मोह होतो. २०२२ नंतर अनेक ठिकाणी निवडून आलेल्या नगरसेवकांऐवजी बराच काळ प्रशासकच होते, त्यामुळे ती सवयही लागली. ती मोडा. प्रभागवार पान दर महिन्याला त्यांना द्या, लोकांना कळायच्या आधी एक दिवस. नगरसेवकाला सगळ्यात जास्त राग येतो तो आपल्या प्रभागातली गोष्ट दुसऱ्याकडून कळल्याचा. मग तेच चार आकडे कार्यालयाबाहेरच्या फळ्यावर खडूनं लिहा. फ्लेक्स नको. फ्लेक्सवरचा आकडा वर्षभर तोच राहतो.

जिल्हा आणि राज्य पातळीवर बसलेल्यांसाठी एकच विनंती: एकच माहिती पाच प्रपत्रांत मागू नका. प्रत्येक योजनेची वेगळी व्हीसी (व्हिडिओ बैठक), वेगळं पोर्टल, वेगळी गुगल शीट, आणि सगळं 'आज दुपारी दोनपर्यंत'. ज्या लिपिकाकडून आपण नोंदवही लिहून घेणार असतो तो दिवसभर नमुने भरत असतो. नवीन प्रपत्र काढायच्या आधी जुनं एक बंद करा. आणि एखाद्या नगरपरिषदेचा आकडा तीन महिने घसरलेला दिसला तर खुलासा मागवण्याआधी शेजारच्या गावातला चांगला अभियंता दोन दिवस तिथं पाठवा.

बदली झाल्यावर

बदल्यांच्या २००५च्या कायद्यानुसार कार्यकाळ साधारण तीन वर्षांचा, प्रत्यक्षात अनेकदा त्याहून कमी. साहेबांच्या लॅपटॉपमधली एक्सेल शीट साहेबांबरोबरच जाते. म्हणून आकड्यांची कुंडली, कारणांचे क्रमांक आणि सोमवारचं वेळापत्रक कार्यालयीन आदेशानं काढून स्थायी आदेशांच्या संचिकेत लावा. वह्यांना आवक-जावक नोंदवहीसारखेच पानांचे क्रमांक आणि शिक्का द्या. शनिवारी जागेवर जाणारी लिपिक एक नसावी, दोघींना आलटून पालटून शिकवा.

आणि पदभार देताना नव्या अधिकाऱ्याला चार तक्ते देऊन मोकळे होऊ नका. त्यांना एका पहाटे पाचला चौथ्या झोनच्या व्हॉल्व्हवर घेऊन जा, मामांची ओळख करून द्या, आणि वही कुठल्या कोनाड्यात असते ते दाखवा.